पक्षकाराचा हक्क आणि कारकुनाची वही

वकिलाच्या कार्यालयातील कामाचे सरसकट दोन भाग केले जातात : एक कायद्याचा, म्हणजे सल्ला, मसुदा आणि युक्तिवाद यांचा; दुसरा कचेरीचा, म्हणजे तारखा, कागद, पैसे आणि न्यायालयाच्या निरनिराळ्या विभागांतील फेऱ्या यांचा. पहिल्या भागाला प्रतिष्ठा आहे, त्यासाठी विद्यापीठ, पदवी आणि सनद आहे. दुसरा भाग ज्याच्या हाती असतो त्याला तालुक्याच्या न्यायालयात वकिलाचा कारकून, मुंबईतील सॉलिसिटरांच्या फर्ममध्ये मॅनेजिंग क्लार्क आणि अलीकडच्या मोठ्या कार्यालयांत लीगल सेक्रेटरी म्हणतात, आणि त्याचे शिक्षण बहुधा आधीच्या कारकुनाच्या शेजारी बसूनच होते. या कामात उमेदीची वर्षे काढलेल्या प्रस्तुत लेखकाचे मत असे बनले आहे, की पक्षकाराचा हक्क कायद्याच्या एखाद्या अवघड मुद्द्यावर जितक्या वेळा अडतो त्याहून अधिक वेळा तो कचेरीच्या कामात अडतो, आणि म्हणून हे काम वकिलीच्या बाहेरचे, हमालीचे काम समजणे पक्षकारावर अन्याय करणारे आहे.

या कौशल्यांत पहिला मान तारखांच्या वहीचा. कार्यालयात येणारा नवा उमेदवार ‘तारीख’ म्हणजे न्यायालयाने दिलेली पुढची तारीख एवढेच धरून चालतो, आणि ती तारीख रोजनाम्यात, म्हणजे त्या त्या दिवशी प्रकरणात काय घडले याची न्यायालय जी नोंद ठेवते तिच्यात, सापडते आणि आता मोबाइलवरही दिसते, त्यामुळे ती चुकण्याचा संभव कमी असतो. खरी जोखीम असते ती कोणीही न सांगितलेल्या तारखांची. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायचे असते आणि न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. पण तोच दावा वाणिज्यिक स्वरूपाचा असेल तर १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच उरत नाही. आपले म्हणणे ऐकल्याशिवाय कोणताही हुकूम होऊ नये म्हणून आधीच दाखल करून ठेवलेले कॅव्हेट ९० दिवसांनी आपोआप निष्प्रभ होते आणि त्याची आठवण न्यायालय करून देत नाही. चेक न वटल्याच्या, म्हणजे बोलीभाषेतील ‘१३८ च्या’ प्रकरणात तर मुदतींची साखळीच असते : बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून चेक देणाऱ्याला पैसे भरण्यासाठी १५ दिवस, आणि ते संपल्यावर एक महिन्याच्या आत फिर्याद. यांतील प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या कागदावर अवलंबून असल्यामुळे बँकेचा मेमो कधी हाती आला, पोचपावतीवर कोणता शिक्का आहे, पाकीट परत आले असेल तर पोस्टमनचा शेरा काय आहे, हे सारे त्याच दिवशी टिपून ठेवावे लागते. चार आठवड्यांनी पाकीट हुडकत बसलेल्या माणसाला ते सापडले तरी शिक्का वाचता येतोच असे नाही.

दिवस आणि महिना यांतील फरकही असाच वरवर क्षुल्लक वाटणारा आहे. लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे, ९० दिवसांची नव्हे, आणि हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केला. ५ जुलैला निवाड्याची प्रत मिळाली तर तीन महिने ५ ऑक्टोबरला भरतात, तर ९० दिवस ३ ऑक्टोबरलाच संपतात. त्यानंतर पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ३० दिवस मिळू शकतात, पण त्यापुढे एक दिवसही नाही. अनुभवी कारकून अशा प्रकरणात वहीत दोन नोंदी करतो : अलीकडची तारीख कामासाठी आणि पलीकडची तारीख केवळ धोक्याची खूण म्हणून.

मुदत मोजण्याचे सर्वांत बारीक काम मात्र प्रमाणित नकलेच्या पाठीमागे असते. मुदत कायदा, १९६३ याच्या कलम १२ नुसार अपिलाची मुदत मोजताना निकालाचा दिवस सोडला जातो आणि निकालाची व हुकूमनाम्याची नक्कल मिळवण्यासाठी लागणारा काळही वगळला जातो. नकलेच्या शेवटच्या पानाच्या मागे नक्कल विभागाचा शिक्का असतो व त्यात अर्ज दिल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि नक्कल दिल्याची अशा तारखा हाताने भरलेल्या असतात. समजा, ३ ऑगस्टला निकाल झाला आणि जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करायचे आहे, तर नकलेचा विचार न करता मुदत २ सप्टेंबरला संपते. अर्ज १० ऑगस्टला दिला आणि नक्कल १ सप्टेंबरला तयार झाली, तर दोन्ही दिवस धरून २३ दिवस वगळले जातात व अखेरची तारीख २५ सप्टेंबर येते. पण नक्कल प्रत्यक्षात ६ सप्टेंबरला घेतली, म्हणून त्या दिवसापर्यंतचा काळ वगळला, तर वहीत ३० सप्टेंबर ही तारीख पडते आणि ती चुकीची असते, कारण नक्कल तयार होऊन पडून राहिलेले दिवस पक्षकाराच्या खात्यावर जातात. एका कार्यालयात असेच एक अपील पाच-सहा दिवस उशिरा दाखल झाले. विलंब माफीचा अर्ज करावा लागला, समोरच्या बाजूने त्याला विरोध केला, आणि ज्या शेतकरी कुटुंबाचे ते अपील होते त्याला मूळ मुद्द्यावर एक शब्दही बोलला जाण्याआधी अनेक महिने केवळ या उशिराचा खुलासा करण्यात घालवावे लागले. अर्ज शेवटी मंजूर झाला, परंतु दरम्यान समोरच्या पक्षाने हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त पुढे रेटली होती. या प्रसंगानंतर त्या कार्यालयात नक्कल हाती येताच तिच्या मागच्या बाजूची छायाप्रत काढून ती फाइलच्या पहिल्या पानाला लावण्याची आणि मुदत दोन माणसांनी स्वतंत्रपणे मोजण्याची पद्धत पडली.

करोनाच्या काळाने तर या वहीची कसोटीच पाहिली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन मुदतींना संरक्षण दिले, ते अधूनमधून वाढवले, आणि १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. ज्यांची मुदत याच काळात संपत होती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस, किंवा शिल्लक मुदत त्याहून अधिक असल्यास तेवढी, मिळाली. आदेश वाचायला सोपा होता, पण प्रत्येक प्रकरणात १५ मार्च २०२० रोजी नेमके किती दिवस शिल्लक होते हे ज्यांच्या वहीत होते त्यांनाच तो धडपणे लागू करता आला. मुदतीची केवळ अखेरची तारीख लिहून ठेवणाऱ्या आणि ती कशी आली याचा हिशेब न ठेवणाऱ्या कार्यालयांना जुनी पाकिटे, पोचपावत्या आणि नकला पुन्हा उकलाव्या लागल्या. तारीख लिहिताना तिच्या शेजारी मोजणीही लिहावी, हा धडा त्या दोन वर्षांनी अनेकांना दिला.

कागद तयार करण्याच्या कामाविषयी बोलताना टंकलेखनाच्या वेगावर भर देण्याची रीत आहे, आणि शासनमान्य परीक्षांत मराठी ३० व ४० शब्दांचे टप्पे असल्यामुळे नोकरी मागायला येणाऱ्याची पहिली ओळखही त्याच आकड्याने होते. वेग लागतोच, परंतु वेगापेक्षा ताळा महत्त्वाचा. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तर उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. त्यामुळे एकाच जमिनीचे वर्णन वादपत्रात मराठीत, अपिलाच्या कागदांत इंग्रजीत आणि सात-बारावर तलाठ्याच्या पद्धतीने असे तीन प्रकारे येते व या तिन्हींचा मेळ घालणे टंकलेखकाच्या हाती येऊन पडते. मिळकतीचे वर्णन म्हणजे गट क्रमांक, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा, म्हणजे चारही दिशांना कोणाची जमीन, रस्ता किंवा ओढा आहे याचा तपशील. एका दाव्यात जुन्या खरेदीखतातील सर्व्हे क्रमांक आणि १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखालील योजनेनंतर पडलेला गट क्रमांक हे दोन्ही देणे आवश्यक होते. मसुद्यात दोन्ही बरोबर आले होते, पण क्षेत्राच्या जागी ० हेक्टर ८१ आर ऐवजी ० हेक्टर १८ आर असे पडले होते. मसुदा वकिलांनी वाचला होता, पक्षकारानेही ऐकून मान डोलावली होती. चूक पकडली ती कार्यालयातील टंकलेखक बाईंनी, कारण मिळकतीचा परिच्छेद एकाने सात-बारावरून मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवून ऐकायचे, अंक उच्चारताना ‘एक्याऐंशी’ न म्हणता ‘आठ, एक’ असे सुटे म्हणायचे, ही त्यांची सवय होती. तसाच दावा दाखल झाला असता तर मनाई हुकूम जमिनीच्या पाव भागापुरताच मिळाला असता, आणि ही उणीव बेलिफ जागेवर गेल्यानंतर उघडी पडली असती.

दाखल करण्याच्या टप्प्यावरील बाकीच्या गोष्टी, म्हणजे समास किती सोडायचा, पाने कशी क्रमांकित करायची, वकीलपत्रावर कोणते तिकीट लावायचे, शपथपत्राच्या प्रत्येक पानावर सही आहे की नाही, या सरावाने येतात व त्यांवर फार लिहिण्याचे कारण नाही. फक्त एवढे सांगायला हवे, की हे नियम बदलत असतात. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-४ आकाराचा कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली, तेव्हा वर्षानुवर्षे एका बाजूला टंकलेखन करण्याची सवय असलेल्या हातांना ती मोडावी लागली. ‘आपल्याकडे असेच चालते’ हे उत्तर न्यायालयाच्या कार्यालयात कोणी ऐकून घेत नाही.

पैशाचा हिशेब हा या कामाचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पक्षकाराकडून येणारी रक्कम दोन प्रकारची असते : एक वकिलाची फी, जी वकिलाची मिळकत होय, दुसरी खर्चासाठी दिलेली, म्हणजे कोर्ट फी, समन्सचा भत्ता, नकलांचे पैसे, टपाल, साक्षीदाराचा प्रवास यांसाठीची, जी शेवटपर्यंत पक्षकाराचीच असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाने पक्षकाराच्या पैशाचा हिशेब तारीखवार ठेवला पाहिजे, आलेली रक्कम फीपोटी की खर्चापोटी हे नोंदवले पाहिजे, आणि खर्चासाठी आलेली रक्कम पक्षकाराच्या लेखी सूचनेशिवाय फीकडे वळवता येत नाही. नियम वकिलासाठी आहे, पण तो पाळला जातो की नाही हे कारकुनाच्या पावतीपुस्तकावर ठरते. बऱ्याच छोट्या कार्यालयांत रक्कम खिशात जाते, खिशातूनच तिकिटे घेतली जातात आणि महिन्याच्या अखेरीस अंदाजाने आकडे जुळवले जातात. यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही, मात्र अप्रामाणिकपणापासून त्याला वेगळे दाखवणारा पुरावाही नसतो.

याचा प्रत्यय एका वाटपाच्या दाव्यात आला. वीसेक वर्षे दावा लढवलेले वृद्ध पक्षकार वारले आणि वारस म्हणून नाव लावण्यासाठी आलेल्या मुलाने पहिलाच प्रश्न केला तो आजवर दिलेल्या पैशांचा. त्याच्या स्वरात संशय होता आणि तो अस्वाभाविकही नव्हता, कारण वडिलांनी दर तारखेला पैसे नेले एवढेच घरात ठाऊक होते. कार्यालयातील जुन्या कारकुनांनी काही न बोलता खतावणीतील त्या प्रकरणाचे पान उघडून समोर ठेवले. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, प्रत्येक नोंदीपुढे पावतीचा क्रमांक, आणि शेवटी पक्षकाराची थोडीशी शिल्लक रक्कम, जी त्यांनी त्याच वेळी पावती घेऊन मुलाच्या हाती दिली. ‘काका, दावा इथंच चालू ठेवू,’ असे म्हणून तो मुलगा गेला. त्या पानाने जे केले ते कोणत्याही समजुतीच्या शब्दांनी झाले नसते. याच संदर्भात फाइलचा प्रश्नही येतो. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याची प्रथा एकेकाळी सर्रास होती, परंतु आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाला असा हक्क नाही असे ठरवले. म्हणून वकील बदलून जाणाऱ्या पक्षकाराला कागदांची यादी करून, प्रत्येक मूळ दस्तऐवजापुढे सही घेऊन फाइल सुपूर्द करणे हे कारकुनाचे काम आहे. ते रागाने किंवा टाळाटाळ करून केले तर त्याचे परिणाम वकिलाच्या सनदेपर्यंत जाऊ शकतात.

न्यायालयाच्या कार्यालयांशी संबंध कसे ठेवावेत याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. नक्कल विभाग, नाझरांचे कार्यालय, दाखल विभाग येथील कर्मचारी प्रचंड भाराखाली काम करतात आणि तेथे गोड बोलणाऱ्या, कागद नीट लावून आणणाऱ्या, काढलेली हरकत वाद न घालता दूर करणाऱ्या कारकुनाचे काम लवकर होते, यात गैर काही नाही. पण ‘चहापाण्या’चे पैसे देऊन काम लवकर करून घेण्याची वाट जेथे जेथे रुळली तेथे आधी जी घाईची किंमत होती ती पुढे साध्या कामाचा दर झाली, आणि तो दर सर्वांत गरीब पक्षकाराच्या खर्चात जाऊन बसला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि जबरदस्तीने द्यावी लागली असल्यास सात दिवसांत तक्रार करणाऱ्यालाच त्यातून सूट मिळते. परंतु कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी खतावणीत ज्या खर्चाची पावती जोडता येत नाही तो खर्च करायचाच नाही, हा एकच निर्बंध कारकुनाला या वाटेपासून दूर ठेवण्यास पुरेसा पडतो, असा अनुभव आहे.

गुप्तता हा या पेशाचा असा भाग आहे की जेथे कायद्याने कारकुनाचा नावानिशी उल्लेख केला आहे. पक्षकार आणि वकील यांच्यातील संभाषण उघड न करण्याचे बंधन १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२७ ने वकिलाच्या कारकुनांना व नोकरांनाही लागू केले होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ते कायम आहे. तालुक्याच्या गावात हे बंधन पाळणे शहरापेक्षा कठीण, कारण दोन्ही बाजूंचे लोक एकाच बाजारात, एकाच एसटीत भेटतात. ‘साहेबांचं काय ठरलंय, तडजोड का अपील?’ असे प्रतिवादीच्या मेव्हण्याने आपुलकीने विचारले, तर ‘बोर्डावर अमुक तारीख लागलीय, तेवढी सांगतो,’ एवढेच उत्तर द्यायचे, कारण बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, सर्वांसाठी खुली असते. उत्तर देताना चेहराही न बदलण्याची शिकवण जुने कारकून देत असत, आणि ती देण्याची गरज खरोखरच असते, कारण तडजोडीची शक्यता नुसती सूचित झाली तरी समोरच्या बाजूचा आकडा बदलतो.

इतकी जबाबदारी असूनही या कामाला नोकरी म्हणून फारसा आधार नाही. भविष्य निर्वाह निधीची सक्ती साधारणपणे २० किंवा अधिक, आणि ग्रॅच्युइटीची १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला आहे. दोन-तीन माणसांचे वकिलाचे कार्यालय या दोन्हींच्या बाहेर राहते, आणि अनेकांना साधे नियुक्तीपत्रही मिळालेले नसते. केरळने २००३ मध्ये वकिलांच्या कारकुनांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला. ज्यांच्या वहीवर पक्षकाराचा हक्क अवलंबून आहे त्यांच्या म्हातारपणाची सोय सिनियर वकिलाच्या मर्जीवर ठेवणे योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

संगणकाने या कामातील श्रम कमी केले आणि जोखमीची जागा बदलली. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळू लागल्यापासून पुढची तारीख पाहण्यासाठी शिरस्तेदारांच्या टेबलापाशी ताटकळावे लागत नाही, ई-फायलिंगमुळे रात्री दहा वाजताही अर्ज पाठवता येतो, आणि जुन्या टाइपरायटरवर एका शब्दासाठी अख्खे पान पुन्हा मारावे लागत असे ते दिवस संपले. पण जुना मसुदा उघडून नावे बदलण्याची सोय झाल्यामुळे जुन्या मसुद्यातील मजकूर न वाचता पुढे जाऊ लागला. १ जुलै २०२४ ला नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या तेव्हा याची किंमत लक्षात आली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करून मागण्यासाठी वापरला जाणारा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार, आणि अटकपूर्व जामिनाचे कलम ४३८. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटकपूर्व जामीन कलम ४८२ मध्ये आला आणि अंगभूत अधिकार कलम ५२८ मध्ये गेला. तोच आकडा दोन्ही संहितांत आहे, अर्थ मात्र निराळा. त्यामुळे केवळ संहितेचे नाव बदलून कलम तसेच ठेवलेला अर्ज वरवर वाचणाऱ्याला बरोबरच वाटतो. त्यातच पूर्वीच्या तारखेची प्रलंबित प्रकरणे जुन्या संहितेखाली आणि नंतरची नव्या, अशी दोन्ही एकाच टेबलावर येत राहिली. ज्या कार्यालयांनी हे संक्रमण नीट पार पाडले त्यांनी संगणकातील सर्व साचे एका वेगळ्या फोल्डरमध्ये बंद केले, कलमांचा जुना-नवा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवला, आणि प्रत्येक साच्याच्या पहिल्या ओळीत तो शेवटचा कोणी व कोणत्या तारखेला तपासला याची नोंद टाकली. ती ओळ छपाईपूर्वी खोडायची, आणि नोंद जुनी असेल तर साचा मूळ कायद्याशी पुन्हा ताडून पाहिल्याखेरीज वापरायचा नाही, असा दंडक घातला.